विजेचा ताळेबंद

पावसाळा सरला की हिवरे बाजारच्या ग्रामसभेपुढे पाण्याचा हिशेब येतो. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, विहिरींची पातळी कुठवर आली, जमिनीत किती मुरलं, यावरून यंदा गावाच्या हाती किती पाणी आहे ते ठरतं. माणसांना आणि जनावरांना लागणारं पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यापैकी साधारण सत्तर टक्के शेतीला द्यायचं आणि तीस टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीच्या पोटातच राहू द्यायचं, असा दंडक आहे. मग रब्बीत कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना कात्री. ऊस आणि केळी यांना तर गावात परवानगीच नाही, आणि शेतीसाठी बोअरवेल पाडायला बंदी आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातलं हे जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर इथली माणसं कामासाठी बाहेर पडू लागली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ पासून आदर्श गाव योजनेची साथ मिळाली, आणि सलग समतल चर, बांध, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असं काम उभं राहिलं. पाणलोटाची कामं महाराष्ट्रात इतर गावांनीही केली. हिवरे बाजार त्यांच्यापुढे गेलं ते अडवलेल्या पाण्याचा हिशेब ठेवल्यामुळे. पाणी आलं म्हणून वापर वाढवायचा नाही, जेवढं आलं तेवढ्यात वापर बसवायचा, ही शिस्त गावानं स्वतःला लावून घेतली.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणाची सुरुवात पाण्यापासून करण्याचं कारण याच शिस्तीत आहे. कोळशाच्या विजेनं आपल्याला उलटी सवय लावली: आपण बटण दाबायचं आणि केंद्रानं जास्त कोळसा जाळायचा. सूर्य आणि वारा असं ऐकत नाहीत. त्यांची वीज पावसासारखी, यायची तेव्हा येते. ती वापरायची तर मागणीलाच पुरवठ्याच्या मागे चालायला शिकवावं लागतं. ते कसं शिकवायचं, आणि त्यात गाडीची बॅटरी कुठे बसते, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

पन्नासचा आकडा

पाणी तळ्यात, विहिरीत, जमिनीत थांबतं. तारेतली वीज थांबत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्याच क्षणी तेवढी तयार व्हावी लागते. या तोलाचा काटा म्हणजे फ्रीक्वेन्सी, आणि भारतात ती ५० हर्ट्झ असते. देशभरच्या केंद्रांतली जनित्रं एकाच तालात फिरतात. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर त्यांच्यावर ओझं येऊन ती किंचित मंदावतात आणि काटा पन्नासच्या खाली सरकतो. वापर अचानक घटला, तर तो वर जातो. दिल्लीपासून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रापर्यंत चोवीस तास माणसं बसलेली असतात ती हा काटा ४९.९ ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायला.

काटा हाताबाहेर गेला तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या साठ कोटींवर लोकांची वस्ती असलेल्या भागातला वीजपुरवठा कोसळला. काटा हातात ठेवता येतो तेव्हा काय होतं, ते ५ एप्रिल २०२० ला दिसलं. टाळेबंदीत रात्री ९ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली. अख्ख्या महाराष्ट्राची कमाल मागणी तीस हजारांच्या घरात असते, यावरून अंदाज करा. त्या रात्री ग्रिड सावरलं ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. ती आधी वाढवून ठेवली होती. दिवे विझू लागताच झपाट्यानं उतरवली आणि दिवे लागताना पुन्हा चढवली. औष्णिक केंद्राला असं मिनिटांत वर-खाली होता येत नाही. पाण्याची झडप मात्र लगेच वळते.

पण जलविद्युतही अमर्याद नाही. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलं आहे. म्हणून कोयनेचं पाणी दिवसभर सोडत नाहीत. मागणी चढते त्या तासांसाठी राखून वापरतात. म्हणजे राज्याच्या सगळ्यात मोठ्या जलविद्युत प्रकल्पालाही ताळेबंद चुकलेला नाही.

दुपारची रेलचेल, संध्याकाळची ओढाताण

अहिल्यानगर जिल्ह्याला वारा आणि ऊन दोन्ही मिळालं आहे. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, नगर तालुक्यात खांडक्याला फिरतात. त्यांचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, मोसमी वाऱ्यांचा. नेमकं तेव्हाच ढगांमुळे सौरवीज मंदावते, म्हणून ही दोघं वर्षभरात एकमेकांची उणीव थोडीफार भरून काढतात. दिवसाच्या हिशेबात मात्र सूर्याला जोडीदार नाही. सकाळी नऊनंतर सौरवीज चढते, दुपारी भरात येते, आणि पाचनंतर घसरते. त्याच सुमारास घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे सुरू होतात. दुपारी ग्रिडवर वीज स्वस्त आणि मुबलक. संध्याकाळी सात वाजता तीच महाग आणि तुटपुंजी.

शेतकऱ्यानं या वेळेच्या गणिताची किंमत वर्षानुवर्षं मोजली. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळी. रात्रीची पाळी म्हणजे हातात बॅटरी, पायाखाली साप, आणि या पट्ट्यात बिबट्याची धास्ती. त्यावर उतारा म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. सुरुवातीच्या ठिकाणांत हिवरे बाजारच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला.

तिची मेख अशी की पिकाला पाणी रात्री दोनला दिलं काय आणि दुपारी दोनला दिलं काय, फारसं बिघडत नाही. शेतीपंप हा थांबू शकणारा भार आहे. घरातला दिवा थांबू शकत नाही, दवाखान्यातलं यंत्र थांबू शकत नाही, पंप थांबू शकतो. तो उन्हाच्या वेळेत सरकवला की साठवणुकीचा खर्च वाचतो. आपल्या खेड्यांत अशा भारांत आता दुसरी भर पडते आहे, ती विजेवर चालणाऱ्या गाडीची.

एक मोटर आणि सोळा स्कूटरी

गाड्यांना इतकी वीज आणायची कुठून, असा प्रश्न हमखास विचारला जातो. गावाच्या पातळीवर हिशेब करू. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन-साडेतीन युनिटची असते. एका युनिटमध्ये ती तीसेक किलोमीटर जाते. रोजची धाव तेवढीच धरली, तर दिवसाला एक युनिट. आता पाच एचपीची मोटर घ्या. ती तासाला चारेक युनिट खाते. चार तास चालली तर सोळा युनिट. म्हणजे एका मोटरच्या एका दिवसाच्या पाळीत सोळा स्कूटरी दिवसभर हिंडून येतात. युनिटच्या हिशेबात स्कूटर ही गावाला जड नाहीच.

जड होते ती वेळ. शंभर स्कूटरी संध्याकाळी साडेसातला एकदम चार्जिंगला लावल्या आणि प्रत्येक चार्जरनं पाऊण किलोवॉट ओढले, तर भार झाला ७५ किलोवॉट. गावातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर अनेक ठिकाणी १०० केव्हीएचा किंवा त्याहून लहान असतो, आणि त्या वेळी त्यावर दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही आधीच चाललेले असतात. व्होल्टेज पडतं, फ्यूज उडतो, आणि सणासुदीला डीपीच जळतो. त्याच शंभर गाड्या सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत पाळीनं भरल्या, तर वीसेक किलोवॉटात काम भागतं. गाड्या तेवढ्याच, युनिट तेवढेच. फक्त घड्याळ बदललं.

दुपारी गाडी मोकळी असते का? हिवरे बाजारसारख्या दुधाच्या गावात याचं उत्तर बरंच अनुकूल आहे. नव्वदच्या दशकात गावातलं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं. चारा वाढला तसं ते काही हजार लिटरवर गेलं. दुधाचं संकलन सकाळी आणि संध्याकाळी होतं. किटल्या लावून डेअरीवर जाणारी दुचाकी मधल्या वेळेत गोठ्याजवळ उभी असते, नेमकी ऊन भरात असतं तेव्हा. शिक्षकाची शाळेत उभी असते, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याची कार्यालयासमोर. शहरातल्या नोकरदाराची गाडी दुपारी कचेरीच्या तळघरात असते, म्हणून तिथे चार्जिंगची सोय कामाच्या ठिकाणी लागते. खेड्यात ती शाळेच्या, डेअरीच्या, पंचायतीच्या आवारात लागेल. छत त्यांचंच, सौरपट्ट्या त्यावरच, प्लग खालीच.

सरकारी दरांनीही घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली आहे. २०२३ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून उन्हाच्या आठ तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग करण्याची दिशा ठरवली. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चार्जिंग स्टेशनसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असा दर सुचवला आहे. जुलै २०२५ पासून महावितरणनं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली.

ऑटो स्विचचा धडा

स्वस्त दराचं घड्याळ लावलं की काम झालं, असं मात्र नाही. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो ऑटो स्विचची गोष्ट सांगेल. लाइट कधी येईल याचा भरवसा नसला की स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाइट आली रे आली की मोटर आपोआप सुरू. एकट्यासाठी ही सोय उत्तम. पण फीडरवरच्या सगळ्यांनी तीच केली की लाइट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी बसतो, आणि आलेली लाइट पुन्हा जाते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं वारंवार सांगत आली आहे.

गाड्यांचंही हेच होऊ शकतं. स्वस्त दर सकाळी नऊला सुरू होत असेल आणि प्रत्येक चार्जरचं टायमर नऊलाच लावलेलं असेल, तर नऊ वाजून एका सेकंदाला भाराची भिंत उभी राहील. ब्रिटननं हा धोका आधीच हेरला. तिथे जून २०२२ पासून घरगुती चार्जरना सक्ती आहे की ठरलेल्या वेळी सुरू होताना प्रत्येकानं दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर करावा. कुणाचा चार्जर दुसऱ्या मिनिटाला सुरू होतो, कुणाचा आठव्या. ग्राहकाला फरक जाणवत नाही, ग्रिडला जाणवतो.

यंत्रानं करायचं ते काम माणसंही ठरवून करू शकतात, आणि महाराष्ट्रानं ते करून पाहिलं आहे. २००५ च्या सुमारास भारनियमनाचा जोर असताना महावितरणनं अक्षय प्रकाश योजना आणली. करार सरळ होता. गावानं संध्याकाळच्या कमाल मागणीच्या तासांत शेतीपंप, पिठाची गिरणी असे थ्री फेजचे भार बंद ठेवायचे, शेगड्या-हीटर लावायचे नाहीत, तारेवरचे आकडे काढायचे. बदल्यात त्या वेळेत गावात दिवे जाणार नाहीत. लक्ष ठेवायचं ते गावानंच. शेजाऱ्याची मोटर चालू झाली की त्याचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे तपासणीला यंत्र लागत नव्हतं. पुढे शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे झाले आणि त्या कराराची गरज उरली नाही. पण मागणीला आवर घालायला पैशाखेरीज गावाचा शब्दही चालतो, हे त्या योजनेनं दाखवून दिलं. ज्या गावानं कुऱ्हाडबंदी पाळली, त्याला संध्याकाळी सात ते दहा चार्जिंगबंदी अवघड नाही.

गाडीतून घराकडे

आतापर्यंत वीज ग्रिडकडून गाडीकडे जात होती. उलटही जाऊ शकते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्रे यांनी हा विचार मांडला: गाड्या दिवसातले बहुतेक तास उभ्याच असतात, तर त्यांच्या बॅटऱ्या मिळून ग्रिडला आधार का देऊ नयेत? १३ फेब्रुवारी २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वादळानं उच्चदाबाच्या वाहिन्या पाडल्या, तेव्हा कॅनबेरातल्या सरकारी ताफ्यातल्या प्लगला जोडलेल्या सोळा निसान लीफ गाड्यांनी आपोआप १०७ किलोवॉटचा आधार ग्रिडला दिला. प्रमाण नगण्य, पण प्रयोगशाळेबाहेरच्या खऱ्या संकटातलं.

आपल्याकडच्या काही मोटारींत गाडीच्या बॅटरीवर बाहेरचं उपकरण चालवायची सोय आलीच आहे. तीस युनिटची बॅटरी खेड्यातल्या बेतानं वीज वापरणाऱ्या घराला आठवडाभर दिवे आणि पंखा पुरवू शकते. पण घराच्या वायरिंगमधून ती ग्रिडला परत देणं वेगळं. खांबावर वायरमन चढलेला असताना मागून एखादी गाडी तारेत वीज ढकलत असेल तर जीव जाईल. म्हणून लाइट गेली की गाडीनं क्षणात स्वतःला तोडून घेणं ही पहिली अट. शिवाय भरणं-रिकामं करणं वाढलं की बॅटरी झिजते. त्या झिजेचे पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय कुणी आपली गाडी ग्रिडच्या दावणीला बांधणार नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी योग्य वेळी भरणं, ते स्वस्त आणि आजच शक्य, परत देणं नंतर.

मोठ्या साठवणुकीसाठी जिल्ह्याकडे दुसरी सोय आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालतो. वीज स्वस्त असताना खालच्या चोंढे जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावर चढवायचं आणि मागणी चढली की तेच खाली सोडून वीज करायची. तो आखला गेला तेव्हा स्वस्त वेळ म्हणजे रात्र होती. सौरवीज वाढेल तसतशी ती दुपारकडे सरकते आहे.

फुकटच्या उन्हाचा धोका

एक इशारा मात्र हिवरे बाजारनंच द्यावा असा आहे. सौरपंप बसला की पाणी उपसायचा खर्च शून्यावर येतो. ऊन आहे तोवर मोटर चालू ठेवायला कुणाची हरकत? हरकत विहिरीची. विजेचं घड्याळ सुधारून पाण्याचा तळ गाठला, तर तो तोट्याचाच सौदा.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावानं यावर वाट काढली. तिथल्या सौरपंपधारक शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी संस्था करून सिंचनातून उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. विजेला गिऱ्हाईक मिळालं की पाणी उगाच उपसण्यात नुकसान दिसू लागतं. गाडी हे असंच गिऱ्हाईक, आणि तेही घरचंच. पंप वर्षातले बरेच दिवस बंद असतो, तेव्हा पट्ट्या नुसत्या तापत राहतात. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं मान्य केलेल्या बहुउपयोगी पंप नियंत्रकावर त्याच पट्ट्यांतून कडबाकुट्टी, पिठाची गिरणी आणि बॅटरी चार्जर चालवता येतो.

मोजल्याशिवाय हिशेब नाही

हिवरे बाजारच्या धर्तीवर विजेचा ताळेबंद मांडायचा, तर त्याची रचना पाण्याच्या ताळेबंदासारखीच राहील; फक्त वर्षाच्या जागी दिवसाचे चोवीस तास येतील. पहिला हक्क घरातले दिवे, पाणीपुरवठा, दवाखाना यांचा. तो कोणत्याही तासाला. मग दुधाचं शीतकरण. त्यानंतर शेतीपंप, पण उन्हाच्या तासांत आणि पाण्याच्या ताळेबंदानं घालून दिलेल्या मर्यादेतच. त्यानंतर गाड्या, शाळा-डेअरी-पंचायतीच्या आवारात, पाळीनं. उरलं ते विकायचं. पावसाळ्यात ढग दाटतील त्या आठवड्यात पंपांना तसंही काम कमी असतं. त्यांचा वाटा गाड्यांकडे वळवायचा.

हे सगळं ग्रामसभेत एका बैठकीत ठरू शकतं. अडतं ते मोजमापापाशी. पर्जन्यमापक गावात आहे, विहिरीची पातळी दोर टाकून कुणीही मोजू शकतो. पण गावच्या डीपीवर दुपारी एकला किती भार होता आणि संध्याकाळी साडेसातला किती, हा आकडा वीज कंपनीच्या संगणकात असतो. फीडरवर आणि डीपीवर स्मार्ट मीटर बसवायचं काम देशभर चालू आहे. त्यांचं वाचन तासवार, गावाच्या नावानं, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही, एक आदेश लागतो. तेवढा आकडा हाती आला, तर कोणत्या तासाला काय बंद ठेवायचं हे हिवरे बाजारला मुंबईहून कुणी येऊन शिकवायची गरज पडणार नाही.